चारशे तेरापासून पुढे

आवाज जपून ठेवायच्या खोलीत हळूबाईचं हे सातवं वर्ष. नाव अर्थातच हे नव्हे, पण ती इतक्या खालच्या पट्टीत बोलायची की थोरल्या भावानं लहानपणीच हे नाव तिच्यावर चिकटवून टाकलं, आणि पुढं रुग्णालयातल्या रखवालदारापर्यंत सगळ्यांनी ते उचललं. तिची कधी तक्रार नव्हती.

खोली रुग्णालयाच्या मागच्या अंगाला, तळमजल्यावर. दहा बाय बारा. भिंतींना राखाडी स्पंज, दार पेटीच्या झाकणासारखं जाड. आत वाचणाऱ्यासाठी एक खुर्ची, हळूबाईसाठी एक स्टूल, एक टेबल, संगणक, आणि दोन माइक: एक तोंडासमोर, एक छतातून लोंबणारा. ज्यांचा कंठ शस्त्रक्रियेत काढून टाकायचा असतो अशी माणसं इथं येत आणि नऊशे वाक्यं वाचून जात. त्या वाक्यांवरून दूरच्या एका शहरातली तज्ज्ञ मंडळी त्या माणसाचा आवाज बांधून पाठवत. मग माणसानं छोट्या यंत्रावर टाइप करायचं आणि यंत्रानं त्याच्याच आवाजात बोलायचं.

कामाचे नियम दोनच होते, पण ते ती नेमानं पाळी. पहिला: वाक्य कधीही मोठ्यानं वाचून दाखवायचं नाही. कार्ड पुढं सरकवायचं, बस. आपण वाचलं की समोरचा आपली चाल उचलतो, आणि मग यंत्रात त्याचा आवाज उरत नाही. सात वर्षांत त्या नऊशेपैकी एकही वाक्य तिच्या तोंडून निघालं नव्हतं, सगळी पाठ असूनसुद्धा. दुसरा: रोज सकाळी रिकाम्या खोलीचं एक मिनिट छताच्या माइकवर टिपून घ्यायचं. रिकामी म्हटली तरी प्रत्येक खोलीला आपली अशी एक गुणगुण असते. ती कळली की वाक्यातून वजा करता येते. ते मिनिट टिपेपर्यंत हळूबाई सकाळपासून कुणाशी अक्षर बोलत नसे. दाराबाहेर डोळे मिटून उभी राहायची आणि मनात साठ आकडे मोजायची. साठ झाले की आत जाऊन माइक बंद, आणि मग दिवसाचा पहिला शब्द.

त्या आठवड्यात खुर्चीत तिचा दादाच बसला होता.

दादा बोटीच्या धक्क्यावरचा निवेदक. सव्वीस वर्षं गावानं घड्याळापेक्षा त्याच्या आवाजावर विश्वास ठेवला होता. ‘दहा वाजून वीस मिनिटांची बोट तीन मिनिटं उशिरानं सुटेल, कृपया धावू नये,’ हे तो अशा काही सुरात म्हणायचा की धावणारी माणसं खरंच चालायला लागत. आता गळ्यात गाठ निघाली होती. शुक्रवारी सकाळी शस्त्रक्रिया. तज्ज्ञ मंडळींना गुरुवारी दुपारी बारापर्यंत पूर्ण नऊशे वाक्यं हवी होती. आठशे नव्याण्णव चालणार नव्हती, असं त्यांनी दोनदा कळवलं होतं.

सोमवारी दोनशे दहा झाली. सोमवारची ती दुपार हळूबाई जन्मात विसरणार नव्हती. घोगरा झालेला का असेना, दादाचा तो आवाज कानावरच्या हेडफोनमध्ये इतका स्वच्छ उतरत होता की तिच्या अंगावर शहारे येत. हे जाणार नाही, आपण हे अडवून धरतो आहोत, या विचारानं ती एकामागून एक कार्ड सरकवत होती. मधल्या सुट्टीत वहिनी डबा घेऊन आली तेव्हा दादानं निवेदकाच्या थाटात जाहीर केलं की डबा सात मिनिटं उशिरा आलेला आहे, प्रवाशांनी संयम राखावा. वहिनी म्हणाली की यंत्रात एवढं एक वाक्य भरू नका, बाकी काय भरायचं ते भरा.

मंगळवारी हळूबाईच्या हातून चूक झाली. सकाळी तिनं खोलीचं मिनिट चालू केलं, दाराबाहेर उभी राहिली, आणि चाळिसाव्या आकड्याला दादाची हाक आली. अर्धा तास आधीच आला होता तो, उत्साहानं. “हळूबाई, चला, आज गाडी चारशेच्या पुढं न्यायची,” म्हणाला. तिचं मोजणं मोडलं. सात वर्षांत पहिल्यांदा ती साठाच्या आधी बोलली, हसलीही, आणि त्या भरात आत जाऊन सरळ तोंडासमोरचा माइक सुरू केला. छताचा चालू राहिला तो राहिलाच. हे तिला बुधवारी दुपारी कळलं.

बुधवारी सकाळी घाईत खोलीचं मिनिट घ्यायचंच राहिलं, आणि ते तीनशे नव्वदपासून पुढं निघाले. चारशे बारा सुंदर झालं. तिनं चारशे तेरावं कार्ड सरकवलं. वाक्य साधंच होतं: ‘दार उघडं ठेवा, मी आलोच.’

दादानं श्वास घेतला, ओठ हलवले. कानात काहीच आलं नाही.

तिला वाटलं वायर सुटली. वायर जागेवर होती. त्यानं पुन्हा ओठ हलवले. पुन्हा काही नाही. तिसऱ्यांदा तर गळ्याच्या शिरा ताठ झालेल्या दिसल्या, आणि खोलीत मात्र तीच ती गुणगुण.

“पाणी दे गं जरा,” तो म्हणाला. अगदी नेहमीच्या आवाजात.

दोघंही हसले. पाणी झालं. मग चारशे तेरावं: ओठ हलले, आवाज नाही. तिनं पुढचं कार्ड दिलं, मग मधलंच एक, पाचशे साठावं. तेच. पण कार्ड बाजूला ठेवलं की दादा व्यवस्थित बोलत होता, ही काय भानगड आहे म्हणून विचारत होता. हळूबाईला एकाएकी सुचलं म्हणून तिनं मागचं, दोनशे तिसावं कार्ड समोर धरलं. ते त्यानं खणखणीत वाचलं.

डॉक्टरीणबाई आल्या, गळ्यात दिवा घालून पाहिलं. ताण आलाय म्हणाल्या. मन आणि गळा काय कमी नाटकी असतात का, असंही म्हणाल्या. वाचन बंद, बोलणंही बंद, थेट शुक्रवारपर्यंत. दादा पाटीवर लिहून वहिनीशी भांडला, पण डॉक्टरीणबाईंपुढं कुणाचं चालत नसे. वहिनी त्याला घेऊन घरी गेली. जाताना त्यानं पाटी हळूबाईपुढं धरली: ‘अर्ध्या आवाजाचं काही होतं का?’

तिनं मान हलवली. होत नव्हतं.

ती परत संगणकापुढं बसली ती रडायच्या बेतानं. निदान चारशे बारा तरी नीट साठवावीत म्हणून तिनं कळ दाबली, तर पडद्यावर चौकोन आला: जागा शिल्लक नाही. कालपर्यंत निम्मी डिस्क रिकामी होती. तिनं संगणकवाल्याला फोन लावला. कुठल्याही दुखण्यावर त्याचं पहिलं औषध एकच असल्यामुळे सगळे त्याला रीस्टार्ट म्हणत. या खेपेला मात्र त्यानं दुसरं औषध सांगितलं.

“तात्पुरत्या फायली साचल्यात, ताई. प्रोग्राम काम करताना हाताशी चिठ्ठ्या ठेवतो, आणि काम झालं की फेकायला विसरतो. आधी तो रेकॉर्डिंगचा प्रोग्राम पूर्ण बंद करा. मग खिडकीचं चिन्ह असलेली कळ आणि आर, दोन्ही एकदम दाबा. छोटी पट्टी येईल. त्यात टक्क्याचं चिन्ह, टेम्प, परत टक्क्याचं चिन्ह, एंटर. जो ढीग दिसेल तो सगळा निवडून उडवा. एखादी फाइल म्हणेल मी वापरात आहे, तर तिला सोडून द्या, हट्ट करू नका. आणि शेवटी कचऱ्याची टोपली रिकामी करा, नाहीतर घर झाडून केर दाराआड ठेवल्यासारखं होतं.”

प्रोग्राम बंद करायला गेली तेव्हा कोपऱ्यातला छताच्या माइकचा लाल ठिपका तिला दिसला. मंगळवारी सकाळपासून तो चालूच होता. सत्तावीस तास खोली स्वतःला टिपत बसली होती. हळूबाईनं कपाळावर हात मारला. कारण मिळालं म्हणून बरंही वाटलं.

ढीग उघडला. सोळा हजारांच्या आसपास फायली. प्रोग्रामची रीत अशी की शांतता असली तर सहा-सहा सेकंदांचे सारखे तुकडे पाडायचे, आणि आवाज आला तर आवाजाएवढा तुकडा वेगळा काढायचा. त्यामुळं शांततेच्या फायली सगळ्या एका मापाच्या होत्या, विटांसारख्या. दिवसाच्या तासांत मधेमधे वेगवेगळ्या मापांच्या होत्या, त्या तिच्या आणि दादाच्या. ते ठीकच होतं.

पण मंगळवारी संध्याकाळी सहाला तिनं खोलीला कुलूप लावलं होतं. सात वाजून दहा मिनिटांपासून पुन्हा लहानमोठी मापं सुरू होत होती आणि पहाटेपर्यंत चालली होती.

तिनं मोजल्या. चारशे अठ्ठ्याऐंशी.

नऊशेतून चारशे बारा गेले की किती राहतात, हे मनात करायला तिला क्षणही लागला नाही. तिनं कानाला हेडफोन लावला आणि पहिली उघडली.

आधी टेबलावर कार्ड सरकवल्याचा खरखर आवाज. मग दादा: “दार उघडं ठेवा, मी आलोच.”

स्वच्छ. घोगरेपणासुद्धा नाही. गाठ येण्यापूर्वीचा, धक्क्यावरचा, सव्वीस वर्षांचा तो आवाज. तिनं दुसरी उघडली: कार्ड, आणि चारशे चौदावं. तिसरी: कार्ड, चारशे पंधरावं. ती एकामागून एक उघडत सुटली. एकही वाक्य अडखळलेलं नाही, एकही पुन्हा घ्यायला नको. शेवटचं, नऊशेवं, तिला नेहमीच जरा विनोदी वाटायचं. तेही जागेवर होतं: “माझं झालं, आता पुढच्याला आत पाठवा.”

दादानंच गुपचूप येऊन वाचलं असणार. तिनं वहिनीला फोन केला आणि आडून आडून विचारलं. वहिनी म्हणाली, काल तर ते साडेसहालाच घरी आले, जेवून नऊला झोपले, घोरणं ऐकून मीच उठून बसले, हवं तर त्याची साक्ष देते. मग ती रखवालदाराकडं गेली. त्यानं वही दाखवली. किल्ली सहाला जमा झाली होती आणि सकाळी आठला तिच्याच सहीनं गेली होती. कार्डांची पेटी रात्रभर तिच्या खणात, खणाची किल्ली तिच्या पर्समध्ये.

परत येऊन ती उभ्या उभ्या विचार करत राहिली. कुणाला विचारावं? काय म्हणून विचारावं? ती देवाला मानणारी बाई. मागितलेलं मिळालं तर ते कुणी आणून दिलं याची झडती घेऊ नये, एवढं तिला कळत होतं. आणि पाटीवरचं ते वाक्य डोळ्यांपुढून हलत नव्हतं. अर्ध्या आवाजाचं काही होतं का?

एकच गोष्ट तिला टोचत होती. दादा वाचत होता तर कार्ड कोण सरकवत होतं?

तिनं चारशे अठ्ठ्याऐंशी फायली उचलून दादाच्या कायमच्या कप्प्यात ठेवल्या. प्रत्येकीच्या तोंडचा कार्डाचा आवाज कापून टाकला. मग रीस्टार्टनं सांगितल्याप्रमाणे बाकीचा ढीग निवडला, उडवला, टोपली रिकामी केली. हजारो विटा एका झटक्यात नाहीशा झाल्या. गुरुवारी अकरा वाजता नऊशे वाक्यं रवाना झाली, अकरा पंचेचाळिसाला पोच आली. हळूबाई रिकाम्या व्हरांड्यात चक्क दोन पावलं नाचली, आणि रखवालदारानं पाहिलं म्हणून लाजली.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. पंधरा दिवसांनी बांधलेला आवाज आला.

दादाच्या घरी सगळे यंत्राभोवती जमले. दादा टाइप करू लागला. मग यंत्र बोललं: “प्रवाशांनी नोंद घ्यावी, मुक्या माणसाची बोट वेळेवर सुटत आहे.” वहिनी पदर तोंडाला लावून हसता हसता रडू लागली. तिनं त्याला सतरा वाक्यं बोलायला लावली. शेजारचे आले, धक्क्यावरचे दोघे आले, प्रत्येकानं आपापलं नाव त्याच्या आवाजात ऐकून घेतलं. हळूबाई कोपऱ्यात बसून डोळे पुसत होती. आयुष्यात एवढं हलकं तिला कधी वाटलं नव्हतं.

सगळे गेल्यावर दादानं यंत्र बाजूला ठेवलं आणि जुनी पाटी घेतली.

‘उरलेली मी कधी वाचली?’

“पूर्ण झाली ना दादा, मग झालं तर,” ती म्हणाली.

त्यानं पुसलं, पुन्हा लिहिलं. बराच वेळ लिहीत होता.

‘त्या दिवशी गळा बसला नव्हता. कार्ड बघून तोंड उघडलं, तर कुणीतरी ते वाक्य आधीच बोलून टाकलं होतं. मला वाटलं, तू.’

तिनं पाटी वाचली. त्यानं उत्तराची वाट न पाहता ती पुसून टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं खोली उघडली. हल्ली ती छताच्या माइकची वायर रोज संध्याकाळी उपटून टाकून घरी जात असे. वायर कालच्यासारखीच टेबलावर गुंडाळलेली होती. संगणक सुरू केला, तर पडद्यावर चौकोन: जागा शिल्लक नाही.

आता तिला कृती पाठ होती. प्रोग्राम उघडलाच नव्हता, तरी खात्री केली. खिडकीची कळ आणि आर. टक्का, टेम्प, टक्का. ढीग आला. पुन्हा विटा, हजारोंनी. तिनं सगळं निवडलं, उडवलं, टोपली रिकामी केली.

एक फाइल राहिली.

‘ही फाइल सध्या वापरात आहे. प्रोग्राम बंद करून पुन्हा प्रयत्न करा.’

बंद करायला एकही प्रोग्राम उघडा नव्हता. तिनं संगणक बंद करून चालू केला. फाइल तिथंच. वापरात.

हट्ट करू नका, रीस्टार्ट म्हणाला होता. तिनं उडवण्याचा नाद सोडला, फाइलची एक प्रत काढली आणि कानाला हेडफोन लावून ती उघडली.

गुणगुण. मग टेबलावर कार्ड सरकवल्याचा आवाज.

मग एक बाई बोलली. खालच्या पट्टीत, मऊ. “माझा आवाज तुमच्यापर्यंत पोहोचतो आहे ना?”

पहिलं वाक्य. गेल्या सात वर्षांत कितीतरी बायका येऊन गेल्या होत्या, त्यांतली ही कोण, म्हणून हळूबाई आठवू लागली. स्वतःचा आवाज माणसाला पहिल्या ऐकण्यात ओळखू येत नाही. खुर्चीतला प्रत्येक माणूस हेच म्हणतो: हा मी?

तिला ओळखायला तीन वेळा ऐकावं लागलं.

तिनं खण उघडला, पेटीतून पहिलं कार्ड काढलं आणि सात वर्षांत पहिल्यांदा वाचणाऱ्याच्या खुर्चीत बसली. कार्ड समोर धरलं. श्वास घेतला. ओठ हलले.

काही नाही.

“दादा,” ती हळूच म्हणाली. आवाज आला. “वहिनी.” आला.

पहिलं कार्ड. ओठ हलले.

तिनं घाईनं दुसरं कार्ड उचललं: “आज वारा समुद्राकडून येतो आहे.” आवाज आला. छान आला. ती हसलीसुद्धा. मग पडद्याकडं पाहिलं.

मूळ फाइलीचं माप वाढलं होतं. थोडंसंच. एका वाक्याएवढं.

तिनं दुसरं कार्ड पुन्हा समोर धरलं. सावकाश, अक्षर न् अक्षर, ओठ हलवले. काही नाही.

टेबलावर, कुणी हात न लावता, तिसरं कार्ड पुढं सरकलं.